कासवी पिलांना काय देते?

कीर्तन-प्रवचनांत कासवीची उपमा आपण अनेकदा ऐकली असेल. कासवी पिलांना अंगावर पाजत नाही, घास भरवीत नाही. ती दुरून नुसते त्यांच्याकडे पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले वाढतात, असे आपले संत सांगत आले. देवाने भक्ताकडे असेच पाहावे, ही त्यामागची आर्तता. उपमा म्हणून ती विसरता येत नाही. निसर्गात मात्र वेगळे घडते. समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा खणते, अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हा कधीही पाहत नाही. आईकडून पिलाला जे काही मिळायचे, ते त्या अंड्यात एकदाच बांधून दिलेले असते.

त्या शिदोरीत काय असते, याचा शोध गेल्या काही दशकांत अनेक देशांतील संशोधकांनी घेतला. बलकातील प्रथिने आणि स्निग्धांश, कवचासाठी लागणारे कॅल्शियम हे अपेक्षितच होते. त्यासोबत शिसे, पारा आणि कॅडमियम या जड धातूंचा अंशही आढळला. आईच्या शरीरात वर्षानुवर्षे साठलेले हे धातू तिच्या नकळत पिलांपर्यंत पोहोचले होते.

आरोग्याच्या पाक्षिकात कासवांची कथा कशासाठी, असे आपल्या मनात आले असेल. कासवीच्या हाडांतून जे ज्या वाटेने अंड्यात उतरते, ते जवळजवळ त्याच वाटेने आपल्याही शरीरात फिरते, म्हणून ही कथा सांगायची. घरातील ज्येष्ठांच्या हाडांत एक जुना साठा असतो. तो जागच्या जागी कसा राखावा आणि घरातील लहानांपर्यंत नवा साठा कसा जाऊ देऊ नये, एवढेच आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

किनाऱ्यावरची पाहुणी

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येतात. एके काळी ही अंडी खाण्यासाठी सर्रास उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि पुढे ते इतर गावांत पसरले. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि दीड-दोन महिन्यांत त्यांतून पिले बाहेर पडतात.

मादी वयात यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर ती खेकडे, कोळंबी, शिंपले, जेलीफिश असे बरेच काही खाते आणि फार दूरवर फिरते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. अशा प्राण्याच्या शरीरात एकाच गावाचे पाणी नसते. जिथे जिथे ती चरली, त्या साऱ्या पाण्यांचा हिशेब तिच्या यकृतात, मूत्रपिंडांत आणि हाडांत जमा होत राहतो.

हे धातू समुद्रात येतात कुठून? काही खडकांतून झिजून येतात. ते निसर्गाचेच आहेत. बाकीचे माणसाने मोकळे केले. दगडी कोळसा जळताना त्यातील पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतो. खाणी, धातू वितळवण्याचे कारखाने, जुन्या बॅटऱ्या यांतून शिसे आणि कॅडमियम येते. पाण्याच्या तळाशी काही जिवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथिल पारा शरीरात सहज शोषला जातो. सूक्ष्म जीवांतून तो लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत जातो आणि पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढत जाते.

तीन किनाऱ्यांवरचे अभ्यास

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील ला एस्कोबिया हा किनारा ऑलिव्ह रिडलेंसाठी प्रसिद्ध आहे. तिथे २००५-०६ च्या हंगामात २५ माद्यांचे रक्त आणि २५० अंडी तपासली गेली. आईच्या शरीरातील एकूण शिशापैकी सुमारे ०.५ टक्के शिसे हंगामातील अंड्यांवाटे पिलांकडे गेल्याचा हिशेब निघाला. हे शिसे मुख्यतः तिथल्या नैसर्गिक खडकांतील शिशाशी जुळत होते आणि त्याचे प्रमाण चिंताजनक नव्हते. ही समाधानाची बाब मुद्दाम सांगितली पाहिजे. कारण ‘धातू सापडला’ आणि ‘अपाय झाला’ या दोन वाक्यांत बरेच अंतर आहे. पण आईकडून पिलाकडे जाणारी वाट खरी आहे, हे या अभ्यासाने दाखवले.

दुसरा अभ्यास दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानाचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. लेदरबॅक या सर्वांत मोठ्या समुद्री कासवाची मादी एका हंगामात अनेकदा अंडी घालते. संशोधकांनी हंगामभर माद्यांचे रक्त तपासले, तेव्हा हंगाम पुढे सरकत गेला तसतसे रक्तातील शिसे वाढत गेल्याचे दिसले. त्यांनी याचे कारण असे मांडले, की अंड्यांसाठी लागणारे कॅल्शियम मादी आपल्या हाडांतून काढते आणि कॅल्शियमबरोबर तिथे दडलेले शिसेही बाहेर पडते. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला त्याचीच गरज लागणार आहे.

तिसरा अभ्यास अमेरिकेतील फ्लोरिडाचा, २०११ चा. लेदरबॅकच्या अंड्यांतून पिले बाहेर पडण्याचे प्रमाण इतर कासवांच्या मानाने कमी असते. मृत पिलांच्या हृदयाचे आणि अंगाचे स्नायू झिजलेले आढळले. आईला सेलेनियम कमी पडले, तर इतर प्राण्यांच्या पिलांतही अशीच झीज दिसते. शरीर पाऱ्याला निष्प्रभ करण्यासाठी सेलेनियम खर्ची घालते. यकृतात पाऱ्याच्या तुलनेत सेलेनियम जितके अधिक, तितकी अंडी अधिक यशस्वी ठरली. हा संबंध आहे, अंतिम निवाडा नव्हे. तरीही तो विचार करायला लावणारा आहे.

आपल्या हाडांतील जुने खाते

आता आपल्या शरीराकडे वळू. शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक शरीराला नीट ओळखता येत नाही. पोटात किंवा श्वासात गेलेले शिसे रक्तातून हळूहळू हाडांत जाऊन बसते. प्रौढ माणसाच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि ते तिथे कित्येक दशके राहते.

आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने आयुष्याचा मोठा भाग शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरात काढला. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीचे खाते आपल्या हाडांत शिल्लक असू शकते. घाबरण्याचे कारण नाही. हाडांत कुलूपबंद असलेले शिसे फारसा त्रास देत नाही. प्रश्न आहे तो कुलूप उघडण्याचा.

ते उघडते केव्हा? गर्भारपणात आणि अंगावर पाजताना, कारण बाळासाठी कॅल्शियम हवे असते. रजोनिवृत्तीनंतर, कारण हाडांची झीज वेगाने होऊ लागते. हाडे ठिसूळ होण्याच्या आजारात. आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावर, कारण भार न पडलेले हाड विरघळू लागते. फ्रेंच गियानाच्या कासवीच्या बाबतीत दिसले तेच इथे घडते: कॅल्शियम निघते, सोबत शिसे निघते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे आढळले आहे. रक्तात उतरलेले शिसे रक्तदाब वाढवण्यास, मूत्रपिंडांचे काम मंदावण्यास आणि स्मरणशक्ती क्षीण होण्यास हातभार लावते. शिशाची पूर्णपणे सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मात्र आपण कासवीइतके असहाय नाही. मेक्सिको सिटीत गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या रक्तातील शिसे सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिले. आहारातून कॅल्शियम पुरेसे मिळाले, तर हाडांचे कुलूप उघडण्याची गरज कमी होते.

जपानमधील नाळा

आईच्या शरीरातला धातू मानवी बाळाला किती अपाय करू शकतो, याचा सर्वांत दुःखद धडा जपानमधील मिनामाता या गावाने दिला. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल पारा तिथल्या खाडीतील माशांत उतरला. हा आजार १ मे १९५६ रोजी अधिकृतपणे नोंदला गेला. ज्या मातांमध्ये लक्षणे जेमतेम दिसत होती, त्यांची मुले मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली. गर्भवेष्टन बाळाला विषापासून वाचवते, हा तोवरचा समज होता. तो खोटा ठरला. नाळेच्या रक्तात पाऱ्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही अधिक असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. जपानी कुटुंबांत बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा डबीत जपून ठेवण्याची प्रथा आहे. डॉक्टर मासाझुमी हारादा यांनी पुढे अशा जपलेल्या नाळांतला पारा मोजला. मायेने जपून ठेवलेल्या वस्तूनेच साक्ष दिली.

जपानमध्येच जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीचे पाणी भातशेतीत शिरले आणि तांदळातून कॅडमियम लोकांच्या पोटात गेले. बळी पडल्या त्या प्रामुख्याने अनेक बाळंतपणे झालेल्या उतारवयाच्या स्त्रिया. मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांची हाडे इतकी मऊ झाली, की किरकोळ हालचालीनेही ती मोडत. आजाराला लोकांनी नाव दिले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’.

एक न विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे येत. थकवा, बद्धकोष्ठ, मधूनच पोटात कळ, हिमोग्लोबिन कमी. मी कित्येक महिने लोहाच्या गोळ्या देत राहिलो; फरक पडेना. एके दिवशी त्यांची नात त्यांना घेऊन आली. ती पाच महिन्यांची गरोदर होती. तिने औषधांची पिशवी माझ्या टेबलावर ओतली, तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर कागदाच्या पुड्या निघाल्या. गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारातल्या एका विक्रेत्याकडून आणलेल्या. त्यांवर ना नाव, ना पत्ता. ‘‘हिचीही कंबर दुखते, म्हणून पंधरा दिवसांपासून अर्धी पुडी हिला देतेय,’’ आजी कौतुकाने म्हणाल्या.

आजींच्या रक्तातील शिसे बरेच वाढलेले निघाले. नातीची पातळी सुदैवाने फारशी नव्हती. पुड्या बंद झाल्या, काही महिन्यांत आजी सावरल्या, नातीला सुदृढ मुलगी झाली. पण ‘याखेरीज आणखी काय घेता?’ हा साधा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. तो मी विचारला नव्हता. तेव्हापासून तो विचारल्याशिवाय मी कागदावर औषध लिहीत नाही. आपल्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे, ही माझी विनंती आहे.

घरात काय करता येईल

हाडे जपावीत. दूध, दही, ताक, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या रोजच्या जेवणात असाव्यात. कोवळ्या उन्हात फिरावे. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यावे. लोहाची कमतरता असली, की आतडी शिसे आणि कॅडमियम अधिक शोषतात. म्हणून रक्तक्षय अंगावर काढू नये. अंथरुणावरच्या रुग्णाला शक्य तितके उठवून बसवावे, आधार देऊन उभे करावे. काळजीवाहकांनी रोज दिलेली ही दहा मिनिटे हाडांचे कुलूप राखतात.

मासे जरूर खावेत, पण निवडून. बांगडा, तारली, मांदेली, कोळंबी यांत पारा कमी असतो. मोठ्या, दीर्घायुषी, शिकारी माशांत तो जास्त साठतो: मोरी अथवा मुशी, तलवार मासा, मोठा कुपा. मोठी सुरमईही बेताने खावी. आपल्या किनारपट्टीवर बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची चाल अनेक घरांत आहे. त्यामागचे प्रेम मला कळते. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तसेच लहान मुलांनी मोरी टाळावी, हेच शहाणपणाचे. त्याऐवजी बांगड्याचे किंवा मांदेलीचे कालवण आनंदाने द्यावे. शिजवल्याने अथवा तळल्याने माशातला पारा निघून जात नाही. मात्र खाणे थांबवल्यावर रक्तातील मिथिल पारा साधारण दोन महिन्यांत निम्म्यावर येतो, म्हणून बाळाचा विचार असेल तेव्हापासूनच ही निवड सुरू करावी.

औषधांवर नाव असावे. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतील ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. यावरून साऱ्या आयुर्वेदाला दोष देणे अन्यायाचे होईल. पण भस्मे आणि रसौषधी स्वतःच्या मनाने, ऐकीव माहितीवर किंवा विनानावाच्या पुडीतून घेऊ नयेत. पात्र वैद्यांच्या देखरेखीखाली घ्याव्यात आणि आपल्या डॉक्टरांनाही तसे सांगावे. गरोदर स्त्रीला तर घरातील कोणाचेही औषध वाटून देऊ नये.

स्वयंपाकघराकडेही एकदा पाहावे. बांगलादेशात हळदीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट मिसळले जात असल्याचे २०१९ साली उघड झाले. खात्रीच्या दुकानातून हळकुंडे आणून दळून घेणे, ही आपली जुनी पद्धत चांगली. पितळी भांड्यांना कल्हई करताना कथील शुद्ध आहे का, ते विचारावे. स्वस्त कथिलात शिशाची भेसळ असू शकते.

ताप मोजण्याची जुनी काचेची नळी फुटली, तर खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना दूर न्यावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याने पाऱ्याची वाफ पसरते. जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरावेत. डिजिटल थर्मामीटर आणला, की हा प्रश्नच उरत नाही.

तंबाखू सोडावी. तंबाखूचे रोप जमिनीतले कॅडमियम पानांत ओढून घेते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात ते जास्त साठते आणि मूत्रपिंडांत दहा-वीस वर्षांहून अधिक काळ राहते.

तपासणी कोणी करावी?

सरसकट सर्वांनी करण्याची गरज नाही. उपचार करूनही न हटणारा रक्तक्षय, कारण न सापडणारी पोटदुखी, हातापायांना मुंग्या, अचानक वाढलेला विसराळूपणा यांपैकी काही असेल आणि सोबत विनानावाची औषधे, बॅटरी किंवा रंगाशी संबंधित काम, जुन्या रंगाची खरवड असा काही इतिहास असेल, तर डॉक्टरांशी बोलून रक्तातील शिसे तपासावे. ते प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असेल, तर शिसे कुठून येते ते शोधून ती वाट बंद करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची सूचना आहे. बहुतेक वेळा वाट बंद करणे हाच मुख्य उपचार असतो.

‘शरीरातील विषारी धातू काढून टाकतो’ अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. धातू बाहेर काढणारी औषधे खऱ्या विषबाधेत, रुग्णालयात आणि देखरेखीखाली द्यायची असतात. चुकीच्या औषधाने रक्तातील कॅल्शियम एकदम घसरून रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

कासवीला आपल्या अंड्यात काय उतरते आहे, ते कळत नाही, आणि कळले तरी तिच्या हाती काही नाही. आपल्याला पाहता येते. तेव्हा आज संध्याकाळी घरातील औषधांचा डबा उघडावा. गोळ्या, चूर्णे, पुड्या, तेले, जे काही असेल ते सारे एका पिशवीत भरावे आणि डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना ती पिशवी सोबत न्यावी. घरात कोणी गरोदर असेल, तर तिचीही पिशवी त्यासोबत न्यावी.